वीस वह्या, एक कमोडोर

सत्तरच्या दशकात मॉस्को विद्यापीठाच्या गणित विभागात प्रवेशपरीक्षेला आलेल्या ज्यू मुलांना अनेकदा वेगळ्या खोलीत बसवलं जाई. तोंडी परीक्षेत त्यांच्यापुढे जी गणितं ठेवली जात, त्यांना गणितज्ञांच्या वर्तुळात ‘शवपेट्या’ असं नाव पडलं होतं. उत्तर बघितलं तर दोन-चार ओळींचं, पण दिलेल्या वेळात ते सुचणं जवळपास अशक्य. मुलगा नापास झाला की त्याला दाद मागायलाही जागा नसे, कारण उत्तर खरंच सोपं असायचं.

ज्यूंविरुद्धच्या अशा भेदभावाचे चटके त्याआधीच बसलेल्यांपैकी एक होते मिखाईल ब्रिन. त्यांना भौतिकशास्त्राची आणि खगोलशास्त्राची ओढ होती. अणुसंशोधनाच्या गुपितांचं कारण पुढे करून भौतिकशास्त्राचे दरवाजे ज्यूंना बंद होते, म्हणून ते गणिताकडे वळले. १९७० मध्ये उत्तम गुणांनी पदवी मिळाली, पण पुढच्या संशोधनाला रीतसर प्रवेश नाही. सरकारी नियोजन मंडळात अर्थतज्ज्ञाची नोकरी करत त्यांनी स्वतःच्या बळावर गणित चालू ठेवलं आणि डॉक्टरेट मिळवली. १९७७ मध्ये वॉर्सा इथल्या एका परिषदेत पश्चिमेकडचे गणितज्ञ भेटले. घरी परतल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं, आता इथून निघायचं.

पुढच्या वर्षी देश सोडण्याचा अर्ज केला आणि नोकरी गेली. अर्ज मंजूर होईल की नाही, हेही माहीत नव्हतं. अखेर १९७९ मध्ये परवानगी आली. त्या एका वर्षात सुमारे ५१ हजार ज्यू सोव्हिएत संघातून बाहेर पडले. व्हिएन्ना, मग पॅरिस असे मुक्काम करत हे कुटुंब ऑक्टोबरात अमेरिकेत पोहोचलं. निर्वासितांना मदत करणारी ‘हायस’ ही जुनी ज्यू संस्था पाठीशी होती. मिखाईल यांना मेरीलँड विद्यापीठात शिकवण्याचं काम मिळालं. आई येवगेनिया पुढे नासाच्या गोडार्ड केंद्रात संशोधक झाल्या. मुलगा सर्गेई तेव्हा सहा वर्षांचा होता.

नऊ वर्षांचा झाल्यावर त्याला वडिलांकडून कमोडोर ६४ मिळाला. १९८२ साली बाजारात आलेला हा संगणक ६४ किलोबाइट स्मरणशक्तीचा होता. किंमत ५९५ डॉलर, म्हणजे नव्याने संसार मांडणाऱ्या घरासाठी चैनच. चालू केला की निळ्या पडद्यावर ‘रेडी’ एवढाच शब्द उमटे आणि तो थांबून राही. खेळ खेळायचा असला तरी मुलाला काहीतरी आज्ञा टाइप करावीच लागे. चुकली की ‘सिंटॅक्स एरर’.

परदेशातून आलेल्या मुलासाठी या ‘सिंटॅक्स एरर’मध्ये मोठा दिलासा असतो. शाळेत त्याच्या उच्चाराला मुलं हसतात आणि नेमकं काय चुकलं ते कुणी सांगत नाही. डब्यातला पदार्थ, कपडे, आडनाव अशा प्रत्येक गोष्टीत न लिहिलेला एखादा नियम मोडला जातो. यंत्राचे नियम मात्र पुस्तकात छापलेले असतात आणि तिथल्या मुलाला लागू तेच यालाही लागू. चूक झाली तर ती कुठल्या ओळीत झाली हेही समजतं. मुलांचं संगणकवेड अनेक घरांत दिसतं, पण स्थलांतरित घरात ते इतकं खोल का जातं, याचं निदान एक कारण इथे आहे.

जेरी यांग यांचा अनुभव याला धरूनच आहे. तैपेईत जन्मलेला हा मुलगा वडील गेल्यावर, १९७८ मध्ये, दहाव्या वर्षी आई आणि धाकट्या भावाबरोबर कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला आला. येताना त्याला इंग्रजीतला ‘शू’ हा एकच शब्द येत होता, असं त्यानेच पुढे सांगितलं आहे. गणिताच्या तासाला शब्दांची अडचण नव्हती. तिथे तो चमकला आणि त्या आधारावर इंग्रजीही पक्कं केलं. पुढे स्टॅनफर्डमध्ये असताना त्याने मित्राबरोबर ‘याहू’ सुरू केलं.

या गोष्टी सहसा एकाच साच्यात सांगितल्या जातात. हुशार मुलगा, खोलीत संगणक, मग गॅरेज, मग अब्जावधी. तो साचा अपुरा आहे, कारण त्यातून दोन माणसं गळतात: आपली प्रतिष्ठा मागे टाकून आलेले आईवडील आणि कर भरणारा नागरिक. सर्गेई ब्रिन स्टॅनफर्डला गेला तो अमेरिकी सरकारच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनची शिष्यवृत्ती घेऊन, आणि त्याने पुढे सहकाऱ्याबरोबर उभारलेल्या ‘गूगल’चं मूळ ज्या डिजिटल ग्रंथालय प्रकल्पात आहे, त्यालाही याच फाउंडेशनचा पैसा होता.

यान कूमच्या बाबतीत तर हे अगदी उघड दिसतं. कीव्हजवळच्या फास्तीव्ह गावात वाढलेल्या या मुलाच्या घरी गरम पाण्याचा नळ नव्हता. फोनवर कुणी ऐकत असेल या भीतीने आईवडील त्यावर फारसं बोलत नसत. १९९२ मध्ये, सोळाव्या वर्षी, तो आई आणि आजीबरोबर कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूला आला. वडील मागेच राहिले आणि काही वर्षांनी तिथेच वारले. अमेरिकेत शाळेच्या सामानावर खर्च नको म्हणून आईने बॅगेत पेनं आणि सोव्हिएत बनावटीच्या वीस वह्या भरून आणल्या होत्या. दोन बेडरूमचं घर सरकारी मदतीने मिळालं. आई दुसऱ्यांची मुलं सांभाळू लागली, तर यान किराणा दुकानात झाडू मारू लागला. आईला कर्करोग झाल्यावर घर तिच्या अपंगत्व भत्त्यावर चाललं. अन्नासाठी सरकारी कुपनं मिळत, त्यांच्या रांगेत यान उभा राहिला आहे.

अशा घरात कमोडोर कुठून येणार? यान जुन्या पुस्तकांच्या दुकानातून संगणकजाळ्यांवरची जाडजूड पुस्तकं विकत आणायचा, वाचून झाली की त्याच दुकानाला परत करायचा. अठराव्या वर्षापर्यंत तो एवढ्याच शिदोरीवर नेटवर्किंग शिकला होता. मग सॅन होजेच्या सरकारी विद्यापीठात शिकताना संगणक-सुरक्षा तपासण्याचं काम, आणि त्यातूनच नोकरी लागली ती जेरी यांगच्या ‘याहू’मध्ये.

२००९ च्या फेब्रुवारीत त्याने ‘व्हॉट्सॲप’ कंपनीची नोंदणी केली. २०१४ मध्ये ती १९ अब्ज डॉलरना विकण्याचा करार झाला, तेव्हा सही करायला तो माउंटन व्ह्यूमधल्या एका रिकाम्या पांढऱ्या इमारतीपाशी गेला. पूर्वी तिथे समाजकल्याण कार्यालय होतं आणि कुपनांची रांग तिथेच लागायची. २०१६ मध्ये व्हॉट्सॲपवरचा प्रत्येक संदेश कूटबद्ध झाला. पाळतीखालच्या बालपणाचा आणि खासगीपणाच्या आग्रहाचा संबंध कूमने स्वतःच जोडून दाखवला आहे. आज सॅन होजेतला नातू साताऱ्यातल्या आजीशी ज्या ॲपवर रोज बोलतो, त्याच्या मुळाशी आईवडील फोनवर बोलायला घाबरत ते घर आहे.

मॅक्स लेव्हचिनही कीव्हचाच. १९८६ मध्ये शंभरेक किलोमीटरवर चेर्नोबिलचा अपघात झाला. १९९१ मध्ये कुटुंब शिकागोला आलं. घरात विज्ञान होतंच, आजी खगोलभौतिकशास्त्रज्ञ होती. तो इलिनॉय विद्यापीठात शिकला. चित्रं आणि मजकूर एकत्र दाखवणारा मोझेक हा ब्राउझर १९९३ मध्ये इथेच तयार झाला होता, तोही सार्वजनिक पैशातून. पुढे लेव्हचिन ‘पेपाल’च्या संस्थापकांपैकी एक झाला.

ही सगळी नावं मुलग्यांची आहेत, हा योगायोग नव्हे. जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी १९९५ पासून कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांशी सविस्तर बोलून अभ्यास केला. घरी एकच संगणक असला तर तो बहुधा मुलाच्या खोलीत जाई आणि बहीण भावाच्या खांद्यावरून बघे, असं त्यात पुन्हा पुन्हा दिसलं. विद्यापीठाने प्रवेशाच्या वेळी आधीच्या प्रोग्रॅमिंगला दिलेलं वजन कमी केलं आणि नवख्यांसाठी वेगळी सुरुवात आखली. त्या अभ्यासक्रमात नव्याने आलेल्या मुलींचं प्रमाण १९९५ मध्ये ७ टक्के होतं, २००० मध्ये ते ४२ टक्के झालं. यंत्र सगळ्यांना सारखं वागवत असेल, पण ते कुठल्या खोलीत ठेवायचं हे घर ठरवतं. आपल्या घरांनीही हे स्वतःला विचारायला हवं.

आणि आपली घरं या गोष्टीत आता थेट आली आहेत. पुणे, ठाणे, नाशिकहून एच-वन-बी व्हिसावर गेलेल्या मराठी अभियंत्यांची मुलं अमेरिकेतल्या एडिसनमध्ये, फ्रीमाँटमध्ये वाढताहेत. रविवारी मराठी शाळा, मंडळाचा गणेशोत्सव आणि लहानपणापासून हाताशी लॅपटॉप. ब्रिनच्या घरापेक्षाही ही घरं सुस्थित आहेत. एक गोष्ट मात्र उलटी आहे. कूम दारिद्र्यात आला, पण त्याला राहता येईल की नाही हा प्रश्न डोक्यावर नव्हता. या मुलांपैकी जी भारतात जन्मली, त्यांच्यापुढे तोच प्रश्न आहे.

नोकरीवर आधारलेली ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार असतात आणि कुठल्याही एका देशाच्या वाट्याला ढोबळमानाने ७ टक्क्यांहून अधिक जात नाहीत. त्यामुळे भारतीयांची रांग दशकांची झाली आहे. तोवर असं मूल एच-फोर या आश्रित व्हिसावर राहतं. सतराव्या वर्षी अशा एखाद्या मुलीने कितीही चांगलं ॲप लिहिलं, तरी पगारी इंटर्नशिप तिला करता येत नाही. वयाची एकवीस वर्षं पूर्ण झाली की आश्रितपण संपतं. मग विद्यार्थी व्हिसा काढायचा, नाहीतर ज्या देशाची आठवणही धड नाही तिथे परतायचं. कूमला मिळालेली किराणा दुकानातली नोकरीसुद्धा तिला कायद्याने बंद आहे.

२०२१ मध्ये अशा मुलांसाठी ‘अमेरिकाज चिल्ड्रन ॲक्ट’ हे विधेयक दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी मिळून अमेरिकी काँग्रेसमध्ये मांडलं, पण २०२४ संपेपर्यंत त्याचा कायदा झालेला नव्हता. विधेयकासाठी खासदारांच्या कार्यालयांत खेटे घालणाऱ्यांत ही मुलं स्वतः आहेत. अमेरिकेतल्या मराठी मंडळांनी आपल्या अधिवेशनांत नाट्यप्रयोगांइतकाच वेळ या मुलांना व्यासपीठावर द्यावा, त्यांच्याबरोबर त्या कार्यालयांत जावं आणि ज्या थोरल्यांना ग्रीन कार्ड मिळून गेलं आहे त्यांनी पुढच्या रांगेत उभं राहावं.