पुड्यातली मजा

खोडाळ्याच्या एका घरात आजी, तिचा मुलगा, सून आणि नववीतला नातू राहत. उतारावरच्या वरकस जमिनीत नागली आणि वरई, बाजूला थोडी खुरासणी, खाचरात भात. घरापुरतं पिकत होतं. पण नातवाला घरचं खाणं नको झालं होतं. शाळा सुटली की एसटी थांब्याजवळच्या दुकानातून तो पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा घ्यायचा, आणि रात्री नागलीची भाकर अर्धी टाकून उठायचा.

बापानं एकदा त्याला समोर बसवलं. "पुड्यावर वजन काय लिवलंय?"

"20 ग्रॅम."

"मग किलो कितीला पडलं?"

पोरगं गणितात हुशार. "250 रुपयांना."

"आन् आपली नागली?"

2024-25 चा सरकारी हमीभाव क्विंटलला 4290 रुपये होता, म्हणजे किलोला पुरते 43 सुद्धा नाहीत. आणि व्यापारी तेवढे देईलच असं नाही. पोरानं हाही हिशोब बरोबर केला. दुसऱ्या दिवशी नवा पुडा आणला.

मग गावात आरोग्याचं बघणाऱ्या आशाताईंनी समजावलं. हाडं याच वयात भरतात, रोज 1000 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं. 100 ग्रॅम नागलीत ते साडेतीनशेच्या घरात असतं, पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात दहासुद्धा नाही. पोरानं मान डोलावली. पुडा तेव्हाही खिशात होता.

बापाचं काही चुकलं नव्हतं, ताईंचंही नाही. पण हिशोब डोक्याला पटतो, जिभेला नाही. मोठ्यांची जीभ तरी कुठे ऐकते? बापाच्या खिशात तंबाखूची पुडी होतीच.

दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर गेले. घरी दोघंच उरली, तेव्हा आजीनं विचारलं, "त्या पुड्यात तुला काय आवडतं रं?"

असं कुणी विचारलंच नव्हतं. पोरगं जरा विचारात पडलं. "दाताखाली वाजतं. आंबट-तिखट लागतं. आणि फोडला की सगळी पोरं हात घालतात. भाकरीत कोण हात घालणार?"

आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले नागलीचे पापड डब्यातून काढले, चुलीच्या निखाऱ्यावर भाजले आणि कांदा, हिरवी मिरची, लिंबू नातवापुढे ठेवलं. शेजारी भाजलेल्या खुरासणीची चटणी. "तिखट किती घालायचं ते तुझं तू बघ."

त्यानं पापड चुरला, सगळं एकत्र कालवलं, वर लिंबू पिळलं आणि बसला मित्रांची वाट बघत. ते येईपर्यंत पापड मऊ पडला. "वाजत नाही," म्हणून त्यानं ताट सरकवलं. आजीनं ते निमूट खाल्लं आणि संध्याकाळी पुन्हा पापड भाजले. या वेळी चटणी आधी, कांदा मागून, आणि लिंबू सगळ्यांचे हात ताटाशी आल्यावर. ताट बघता बघता रिकामं झालं. चार दिवसांनी पोरंच विचारायला लागली, "आज काय घातलंस?" एकानं घरून भाजलेले शेंगदाणे आणले.

शेजारणीनं आजीला विचारलं, "पोराचा पुडा बंद कसा केलास?"

"बंद कुठं केला? बाजाराच्या दिवशी खातो की एखादा. पोराला मजा हवी व्हती. ती आपल्या नागलीत घालून दिली, येवढंच."

पापडातही मीठ आणि खार असतोच, तेव्हा तो टोपलीभर खाऊ नये. पण तुमच्या घरी या वयाचं मूल असेल तर त्याच्या हातातला पुडा हिसकावण्याआधी त्यात काय आवडतं ते एकदा विचारा. मग पापड तळू नका, निखाऱ्यावर भाजा, आणि मिरची किती घालायची ते त्याच्यावर सोडा.