निदानाचे मोल

उपाय लागू पडला म्हणजे निदान बरोबर होते, असे समजण्याकडे मनुष्यमात्राचा कल असतो. ज्वर उतरला की वैद्य हुशार ठरतो. ज्वर आपल्याच मुदतीने उतरला असेल, ही शंका घरातील एखाद्या आजीबाईखेरीज कोणी बोलून दाखवीत नाही. तर्कशास्त्र शिकविण्यात आमची पुष्कळ वर्षे गेली असून हा हेत्वाभास फळ्यावर किती वेळा लिहिला असेल त्याची गणती नाही. परंतु त्यात केवळ बुद्धीचा दोष नसून नीतीचाही प्रश्न गुंतलेला आहे, हे आमच्या ध्यानी आणून दिले ते छत्रपती संभाजीनगरच्या बीड बायपासवर अडून बसलेल्या एका जुन्या ट्रकने.

गेल्या चैत्रातील गोष्ट. सकाळी फिरून परतत असता रस्त्याच्या कडेला मोसंबीने भरलेला हा ट्रक आम्हांस दिसला. माल पाचोडचा, जावयाचा वाशीच्या बाजारात. चालक तोच मालक, आणि गाडीवर कर्ज. सेल्फ मारला की इंजिन गरगर फिरे, पण पकडीत मात्र नसे. आदल्या रात्रीही असेच झाले होते. तेव्हा एका तरुण कारागिराने ‘फिल्टर गेला आहे’ असे सांगून फिल्टर बदलले, बॅटरीही चार्ज करून आणली. गाडी चालू झाली, अठराशे रुपये झाले, ते मालकाने विनातक्रार दिले. वाटेत पुन्हा दगा नको म्हणून गाडी बाजूला लावून तो चार तास झोपला, आणि पहाटे पाहतो तो पुन्हा तेच. आता त्या कारागिराचे म्हणणे असे पडले की, पंपच उतरवून दुरुस्तीस पाठवावा लागेल. त्याने सांगितलेला आकडा ऐकून मालक फळीवर बसून राहिला होता.

डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते, हे वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेलच. सिलिंडरातील हवा सोळा-सतराव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते, त्या दाबाने ती पाचशे अंशांहून अधिक तापते, आणि तीत तेलाचा बारीक फवारा उडाला की तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल याने १८९७ मध्ये ऑग्सबर्ग येथे ही युक्ती सिद्ध करून दाखविली. यावरून, इंजिन फिरते पण पेटत नाही, याचा अर्थ स्थूलमानाने दोनच प्रकारे लावता येतो. एक तर तेल आत पोचत नाही, किंवा पोचते पण हवा पुरेशी तापत नाही.

इतक्यात कोणीतरी एका वृद्ध मिस्त्रीस बोलावून आणले. तो इंजिनाकडे गेलाच नाही. तो ट्रकच्या मागे जाऊन धुराड्याच्या नळीपाशी उभा राहिला आणि किन्नरास सेल्फ मारावयास सांगून नुसता पाहत राहिला. खरे सांगावयाचे तर त्या क्षणी आमचीही चुळबुळ सुरू झाली. फळे उन्हात तापत आहेत आणि हा गृहस्थ स्वस्थ उभा!

तो धूर पाहत होता. जेथे धूर तेथे अग्नी, हे नैयायिकांचे उदाहरण आम्ही जन्मभर सांगत आलो. येथे मात्र प्रकार विलक्षण असतो. न पेटणाऱ्या इंजिनातून पांढरा लोट निघाला तर समजावे की तेल आत येते, पण जळत नाही. म्हणजे धूर आहे आणि अग्नी नाही! परंतु शास्त्र बुडाले असे समजण्याचे कारण नाही. तो लोट म्हणजे धूर नव्हेच, न जळलेल्या तेलाची ती वाफ असते. आणि बाष्पाला धूम समजून अग्नीचे अनुमान करणारा फसतो, हा इशाराही नैयायिकांनी देऊनच ठेवला आहे. (मोसंबी पैठण तालुक्याची होती, तेथील जुन्या शास्त्रीमंडळींस हे कोडे खचित आवडले असते.) येथे तर लोटही नव्हता. नळी कोरडी. अर्थात तेल पोचतच नव्हते.

पुढील काम त्याने जे केले त्याचा क्रम सांगण्याजोगा आहे. प्रथम, इंजिन बंद करण्याची तार ओढलेल्या स्थितीत अडकली नाही ना, ते त्याने पाहिले. मग पंपाजवळचा स्क्रू सैल करून हाताने तेल दाबले. निर्मळ धार येण्याऐवजी फेस आला. गाडीने एअर धरली होती. एअर काढून गाडी चालू करणे सोपे होते, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. त्याने टाकीकडून येणारा पाइप सोडविला, डिझेलच्या एका डब्यातून दुसरा लहान पाइप पंपास जोडला, आणि एअर काढून सेल्फ मारविला. इंजिनाने तत्काळ पकड घेतली व दहा मिनिटे ते अखंड चालले. नंतर त्याने पुन्हा जुना पाइप जोडला. थोड्याच वेळात इंजिन अडखळू लागले आणि बंद पडले. जॉन स्टुअर्ट मिल्लने १८४३ च्या आपल्या ग्रंथात एकच गोष्ट बदलून बाकी सर्व तसेच ठेवण्याची जी रीत सांगितली आहे, ती हीच. पाइप चासीला घासून एका वळणावर चिरला होता. तेथे तेल ओढले जात असल्याने चिरेतून तेल बाहेर न ठिबकता हवाच आत जाई. म्हणून डोळ्यांस काही दिसत नसे. गाडी उभी राहिली की त्याच हवेमुळे तेल टाकीत परत उतरे.

मग आदल्या रात्री गाडी चालू कशी झाली? फिल्टर बदलला की एअर काढावीच लागते. काम एअर काढण्याने झाले, श्रेय फिल्टरने घेतले.

त्या तरुणास आम्ही लबाड म्हणत नाही. रात्रीची वेळ, मालक घायकुतीला आलेला, आणि फिल्टर तुंबणे हे कारण नित्याचेच. अशा वेळी संभाव्य दिसेल ते करून पाहणे गैर नव्हे. गैर आहे ते निराळेच. ‘फिल्टर बदलून पाहू’ आणि ‘फिल्टर गेला आहे’ या दोन वाक्यांत पान्याचे काम एकच आहे. पण पहिल्यात अज्ञान उघड असते आणि त्याची किंमत मोजावयाची की नाही हे मालक ठरवितो, तर दुसऱ्यात ते अज्ञान ज्ञानाच्या भावाने त्याला विकलेले असते. पंपाच्या बाबतीत तोच सौदा पुन्हा, अधिक मोठ्या रकमेचा, होऊ घातला होता.

तथापि सगळा दोष विकणाऱ्याचाच कसा म्हणावा? ‘अजून कळले नाही, पाहतो’ असे म्हणणाऱ्या डॉक्टराकडे आम्ही दुसऱ्यांदा जात नाही. इंजेक्शन टोचणाऱ्याकडे जातो. नुसते उभे राहून पाहणाऱ्या मिस्त्रीबद्दल आमच्याच मनात काय आले, ते वर सांगितलेच आहे. बिलात सामानाची ओळ असते. विचार करून, या सामानाची गरज नाही असे ठरविल्याची ओळ नसते. ज्या कामाचा मोबदला मिळत नाही ते काम लोकांनी करावे, अशी अपेक्षा आम्ही कोणत्या तोंडाने करतो?

मिस्त्रीने नवा पाइप बसविला, चिरलेला तुकडा मालकाच्या हाती दिला आणि पाचशे रुपये सांगितले. मालकाने तो तुकडा उलटसुलट करून पाहिला.

‘‘चाचा, एवढंच होतं? पाइपाचे पाचशे?’’

वृद्धाने उत्तर दिले नाही. तो कापडाने हात पुसत राहिला. शेवटी साडेतीनशेवर ठरले. आम्ही जवळच उभे होतो. त्या मालकास अठराशेची आठवण करून द्यावी असे आमच्या अगदी ओठांवर आले होते. परंतु मोसंबी त्याची, कर्ज त्याचे, आणि बोलून आमचे काही जाणार नव्हते, म्हणून बोललो नाही. बरे केले की वाईट, हे अद्याप ठरविता आलेले नाही.

ट्रक निघाला तेव्हा साडेअकरा वाजले होते. वाशी सुमारे साडेतीनशे किलोमीटर. त्या दिवसाचा बाजार अर्थातच हुकला होता.