गुणांचं सोंग आणता येत नाही

शाळेतल्या युकिनो मियाझावाची घरातल्या युकिनो मियाझावाशी ओळख करून दिली, तर दोघी एकमेकींशी धड बोलतील की नाही याची मला शंका आहे. शाळेतली युकिनो अभ्यासात पुढे, खेळात पुढे, वागायला शालीन, कुणाचं काही अडलं तर हसतमुखाने मदत करणारी. घरातली जुनापुराणा ट्रॅकसूट घालून, चष्मा चढवून, केस कसेबसे बांधून जमिनीवर पसरलेली. अभ्यासाचा फडशा ती याच अवतारात पाडते, आणि मग आज शाळेत आपल्याला कोण कोण काय काय म्हणालं ते आठवून खिदळत बसते. त्सुकिनो आणि कानो या धाकट्या बहिणी हे रोज पाहतात. त्यांना त्यात आता नवल उरलेलं नाही.

हे सगळं कशासाठी? कौतुकासाठी. त्यामागे लहानपणचा आघात नाही, कडक आईबाप नाहीत, गरिबीतून वर यायची धडपड नाही. लोकांनी वाहवा केली की बरं वाटतं, एवढंच. पहिल्याच भागात ती हे प्रेक्षकांना सांगून टाकते, आणि सांगताना अजिबात लाजत नाही. मला ती आवडली ती तिथेच.

मालिकेचं नाव 'कारेशी कानोजो नो जिजो', चाहत्यांच्या तोंडी नुसतं 'कारे कानो'. अर्थ साधारण 'त्याची आणि तिची परिस्थिती'. मसामी त्सुदा यांची मूळ मांगा १९९६ ते २००५ अशी चालली आणि तिचे २१ खंड झाले. अ‍ॅनिमे ऑक्टोबर १९९८ ते मार्च १९९९ या काळात जपानी टीव्हीवर आलं. २६ भाग, दिग्दर्शक हिदेआकी आन्नो. होय, तेच 'इव्हँगेलियन'वाले. जग बुडवून झाल्यावर त्यांनी शाळेतल्या प्रेमाची विनोदी गोष्ट घेतली, आणि तिच्यातही त्यांच्या सवयी सुटलेल्या नाहीत: पात्रं बोलत असताना पडद्यावर सिग्नल, विजेच्या तारा, रिकामे कॉरिडॉर, मनातले विचार थेट पडद्यावर अक्षरांत, कधी हलणारं चित्र सोडून सरळ मांगाची चौकट. मी निम्मी मालिका पाहिली आहे. पुढे वाचाल तर पहिल्या दहा-बारा भागांतलं बरंच काही कळेल, तेव्हा तुमचं तुम्ही ठरवा.

तर गोष्ट अशी. हायस्कूलच्या पहिल्याच दिवशी नव्या विद्यार्थ्यांच्या वतीने भाषण करायचा मान युकिनोऐवजी सोइचिरो आरिमा नावाच्या मुलाला मिळतो. प्रवेश परीक्षेत तो पहिला आलेला असतो. देखणा, हुशार, मनमिळाऊ. थोडक्यात तिच्यासारखाच, फक्त अस्सल. ती मनातल्या मनात त्याच्याशी युद्ध पुकारते, रात्रंदिवस अभ्यास करून पुढच्या परीक्षेत त्याला मागे टाकते. तो येऊन मनापासून अभिनंदन करतो आणि तिच्या विजयाची हवाच जाते. नंतर तो प्रेमाची कबुली देतो, ती अदबीने नकार देते आणि घरी येऊन जल्लोष करते. मग एका सुट्टीच्या दिवशी तो सीडी द्यायला दारात येतो. तिला वाटतं वडील आले. ती ट्रॅकसूटमध्येच धावत येऊन हवेतून लाथ घालते, ती थेट आरिमाला.

इथून पुढचं रोमँटिक कॉमेडीचं गणित आपल्याला तोंडपाठ आहे. मुखवटा गळून पडतो, आतला खरा माणूस दिसतो, समोरचा त्या खऱ्या माणसावर भाळतो. पण यातल्या 'आतला खरा' या दोन शब्दांपाशी मी अडकलो. ट्रॅकसूटमधली युकिनो खरी आणि शाळेतली खोटी, हे ठरवलं कुणी?

मराठीत सोंग आणि ढोंग असे दोन शब्द आहेत. दशावतारातला नट रात्रभर राजा होऊन उभा राहतो, त्याला कुणी ढोंगी म्हणत नाही, कारण ते सोंग आहे हे बघणाऱ्याला माहीत असतं. ढोंगात माहीत नसतं. या हिशेबाने युकिनो सरळसरळ ढोंगी ठरते. पण आपल्याकडे एक म्हणही आहे: सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. खिशात नसले तर नसतातच. गुणांचंही तसंच आहे. फलकावर पहिलं नाव लागायचं तर पेपर खरोखर सोडवावा लागतो. युकिनोने कॉपी केलेली नाही, वशिला लावलेला नाही. जिला तिने गणित समजावून दिलं, त्या मुलीला ते खरंच समजलं. खोटं नेमकं काय होतं, तर या सगळ्यामागचा हेतू. आणि हेतू ही एकच गोष्ट अशी की जी बाहेरून कुणाला तपासता येत नाही.

इमान्युएल कांट यांच्या नीतितत्त्वज्ञानावरच्या १७८५ सालच्या पुस्तकात एक दुकानदार येतो. तो लहान मुलालाही फसवत नाही, सगळ्यांना एकच भाव लावतो. पण ते धंदा टिकावा म्हणून. कांट म्हणतात, त्याचं वागणं कर्तव्याला धरून आहे, कर्तव्यापोटी नाही. म्हणून त्याला नैतिक मोल नाही. युकिनो ही त्या दुकानदाराची जपानी शाळेतली धाकटी बहीण. कांट तिला नापास करतील, यात शंका नाही.

मी करणार नाही, निदान एवढ्यावरून तरी नाही. रोजच्या कामात मी ज्या फंक्शनशी झगडतो, त्याच्याकडून मला बरोबर उत्तर हवं असतं. ते मनापासून देतोस का, असं मी त्याला विचारत नाही. माणसाचं असं नसतं हे मला कळतं. पण माणसाच्या बाबतीतही अॅरिस्टॉटलचं म्हणणं मला जास्त जवळचं वाटतं: न्यायाची कृत्यं करत करतच माणूस न्यायी होतो. इतकी वर्षं कौतुकासाठी का होईना, जी मुलगी लोकांना मदत करत आली, तिच्या हाताला आता मदतीची सवय आहे. ती सवय खोटी म्हणायची आणि जमिनीवर लोळणं तेवढं खरं, हा कुठला न्याय? कुणी बघत नसताना आपण जे करतो ते फक्त 'कुणी बघत नसताना केलेलं' असतं. त्याला आपोआप खरेपणाचा शिक्का बसत नाही.

जपानी समाजाबद्दल लिहिताना होन्ने आणि तातेमाए ही जोडी हटकून येते. होन्ने म्हणजे मनातलं, तातेमाए म्हणजे चारचौघांत दाखवायचं. आपण लगेच खाण्याचे दात आणि दाखवायचे दात करून मोकळे होतो. पण तातेमाए या शब्दाचा सुतारकामातला अर्थही आहे: लाकडी घर बांधताना खांब-तुळयांचा सांगाडा उभा करतात ते काम, आणि त्यानिमित्तचा समारंभ. हे कळल्यापासून मला तो शब्द पडद्यापेक्षा घरासारखा वाटतो. सांगाडा बाहेरून दिसतो हे खरं, पण आतला माणूस राहतो त्याच्याच आधाराने. युकिनोला शाळेतली युकिनो काढून टाकता येणार नाही. काढली तर छप्पर खाली येईल. आणि मालिकेत तसं काहीसं होतंही. दोघं मिळून सोंग सोडायचं ठरवतात, एकमेकांत रमतात, गुण घसरतात, शिक्षक पालकांना बोलावून घेतात.

मग चुकलं कुठे? कारण काहीतरी चुकलंय हे युकिनोलाही जाणवतं, आणि ते आरिमा अभिनंदन करतो त्या क्षणी. मला वाटतं, चूक तिच्या वागण्यापेक्षा तिच्या नजरेत आहे. तिच्या लेखी वर्गातल्या तीस-चाळीस जणांना चेहरे नाहीत, फक्त टाळ्या आहेत. जिला गणित शिकवलं तिचं नाव तिच्या लक्षात आहे की नाही, कोण जाणे. आरिमासुद्धा अनेक दिवस तिच्यासाठी फलकावरचा एक आकडाच असतो. तो आकडा समोर येऊन बोलतो, खूश होतो, तेव्हा तिला पहिल्यांदा कळतं की पलीकडे कुणीतरी होतं.

यानंतरच्या दुसऱ्या भागात मला सगळ्यात जास्त मजा आली आणि सगळ्यात जास्त अस्वस्थही वाटलं. गुपित कळल्यावर आरिमा काय करतो? ते पोटात ठेवण्याच्या बदल्यात तिला कामाला जुंपतो. विद्यार्थी समितीचे कागद, हिशेब, सगळं तिच्या गळ्यात. हे ब्लॅकमेल आहे, हसत हसत केलेलं. सद्गुणाचा पुतळा वाटणाऱ्या मुलाला असंही वागता येतं! शेवटी ती वैतागून उखडते, तेव्हा उलगडतं की त्याला तिच्याजवळ राहायला निमित्त हवं होतं, दुसरं काही सुचलं नाही. मालिका हे गोड मानून पुढे जाते. मला इतक्या सहज जाता आलं नाही. गुपित कळणं म्हणजे माणूस कळणं नव्हे. गुपित कळणं म्हणजे हातात काहीतरी येणं, आणि त्याचं काय करायचं हे ज्याच्या हातात आलं त्याने ठरवायचं. आरिमाने आधी वाईट ठरवलं.

याच्या तुलनेत 'होरीमिया' पाहा. तुमच्यापैकी अनेकांनी ती आधी पाहिली असेल. २०२१ सालची, १३ भागांची. मियामुरा लांब केसांखाली आणि शर्टाखाली कानातली आणि टॅटू लपवतो, होरी घरी धाकट्या भावाला सांभाळते, धुणी-भांडी करते आणि वर्गात त्याचा पत्ता लागू देत नाही. दोघांना एकमेकांचं कळतं आणि दोघं ते किती अलगद झेलतात! सुंदर मालिका आहे. पण तिथे लपवलेल्या गोष्टींनी कुणाचं काही बिघडलेलं नाही. टॅटू लपवल्याने वर्गातला कुणी फसत नाही. म्हणून 'तू आहेस तसा मला चालतोस' हे तिथे स्वस्तात मिळतं. कारे कानोमध्ये त्याची किंमत मोजावी लागते, कारण इथे ज्यांच्यापासून लपवलं तेही बोलतात.

माहो इझावा ही वर्गातली मुलगी. एके काळी तीही सगळ्यांच्या कौतुकाचा विषय होती, त्यामुळे ती भूक तिला लांबून ओळखता येते. युकिनोचं खरं रूप बाहेर येतं तेव्हा माहो इतर मुलींना तिच्या विरोधात उभं करते आणि वर्ग युकिनोला वाळीत टाकतो. माहोचा मत्सर उघड दिसतो, वाळीत टाकणं तर हलकटपणाच. तरी तिचा आरोप मला झटकून टाकता येत नाही. युकिनो घरी कशी बसते हे जाणून घेण्याचा वर्गाला काडीचा हक्क नाही. पण ज्यांच्याशी आपण मैत्रीण म्हणून बोललो, त्यांना आपण नुसतं टाळ्यांसाठी वापरत होतो का, हे विचारायचा हक्क त्यांना आहे. ट्रॅकसूट दाखवल्याने या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. हल्ली लोक इन्स्टावर मोजक्यांसाठी दुसरं खातं उघडतात, तिथे रडके फोटो टाकतात, शिव्या देतात आणि त्याला 'रिअल मी' म्हणतात. महिन्याभरात तिथल्याही हृदयांची मोजणी सुरू होते. प्रेक्षक बदलले, बघण्याची तऱ्हा तीच.

एक गोष्ट मात्र मालिकेने न बोलता दाखवली आहे. युकिनोचं गुपित कधीच पूर्ण गुपित नव्हतं. घरातल्या चौघांना सगळं माहीत आहे: आई, जरा खुळे वाटणारे वडील आणि त्या दोघी बहिणी. ते हसतात, टोमणे मारतात आणि तिला जेवायला वाढतात. 'जशी आहे तशी स्वीकारणारी माणसं' तिला जन्मापासून मिळालेली आहेत. कदाचित म्हणूनच ती इतक्या बिनधास्तपणे सोंग वठवू शकते. संध्याकाळी परत यायला जागा आहे.

आरिमाकडे ती जागा नाही. त्याच्या जन्मदात्या आईवडिलांनी त्याला टाकलं, काका-काकूंनी वाढवलं, आणि नातेवाइकांत तो 'तसल्या बापाचा मुलगा' राहिला. काका-काकू जीव लावणारे आहेत, आणि नेमकं म्हणूनच त्यांच्यासमोर त्याला आणखी चांगलं असावं लागतं. आपल्यात ते वाईट रक्त नाही हे तो रोज सिद्ध करत असतो, शाळेत आणि घरीही. लाथ खाल्लेला हा मुलगा कपडे बदलून कुठे लोळत असेल असा विचार केला, तर चित्रच डोळ्यांसमोर येत नाही. त्याच्याकडे ट्रॅकसूट नाही. त्याने तो बहुधा पहिल्यांदा मियाझावांच्या दारात पाहिला.

त्यानंतर त्याला तिच्या आसपास राहण्यासाठी ब्लॅकमेलसारखं बावळट निमित्त का लागलं, ते आता मला जरा जास्त समजतं. पुढे एकदा युकिनोला जे सांगायचं असतं ते काही केल्या तोंडातून निघत नाही, आणि ती न बोलता त्याचा हात धरते. तिच्यासाठी ते प्रेम आहे. त्याच्यासाठी मात्र तो घरात पाय ठेवण्याचा प्रसंग असावा, आणि ते घर एकाच माणसाचं आहे, सोळाएक वर्षांच्या, जिला अजून स्वतःचंच नीट कळलेलं नाही. उरलेले तेरा भाग मी त्याच्यासाठी बघणार आहे, आणि थोडा घाबरतच.