शववाहिकेचा वेग

माझा एक भाचा अमेरिकेंत ओहायो राज्यांत यंत्रशास्त्राच्या व्यवसायांत आहे. गेल्या पावसाळ्यांत त्याचें एक लांबलचक पत्र आलें आणि त्यासोबत एका मोटारीचीं दोन छायाचित्रें. "मामा, ही आमची नवी गाडी," असा खालीं शेरा. गाडी काळी, अवाढव्य, मागच्या अंगाला माशाच्या परांप्रमाणें उंच उभे राहिलेले दोन पंख. प्रथमदर्शनीं मला ती एखाद्या जुन्या संस्थानिकाची वाटली. पत्र वाचल्यावर उलगडा झाला. ती १९५९ सालची कॅडिलॅक शववाहिका होती. भाच्यानें व त्याच्या एका अमेरिकन स्नेह्यानें मिळून ती विकत घेतली होती, आणि तिचें मूळचें इंजिन काढून त्या जागीं टर्बोचार्जर व फ्युएल इंजेक्शन असलेलें दुसरें इंजिन बसविण्याचा दोघांचा बेत होता. पत्राच्या शेवटीं त्यानें विचारलें होतें, "ह्यांत कांहीं वाईट आहे असें तुम्हांला वाटतें काय? येथें एका म्हातारीनें आम्हांला हटकलें, तेव्हांपासून मनाला चुटपुट लागून राहिली आहे."

पत्र घरांत मोठ्यानें वाचलें, तेव्हां सर्वांचा निकाल एका अक्षरांत लागला: "शी!" वडील मंडळींना तर आपल्या रक्ताच्या माणसानें प्रेताची गाडी पैसे मोजून दारांत आणावी हेंच सहन होईना. माझेंही तोंड प्रथम वाकडें झालें हें मी कबूल करतों. परंतु किळस हा कांहीं विचार नव्हे. आपल्याकडे प्रेत ज्यावरून न्यावयाचें ती तिरडी बांबूंची. ती त्याच दिवशीं बांधावयाची आणि बहुधा त्याच दिवशीं अग्नीच्या स्वाधीन करावयाची. शहरांतून हल्लीं शववाहिका आणि वैकुंठरथ आले आहेत खरे, पण ते संस्थेचे किंवा नगरपालिकेचे. काम झालें कीं दृष्टीआड होणारे. मृत्यूचें वाहन मागें उरतें, म्हातारें होतें, विकलें जातें, आणि मग त्याचें काय करावें असा प्रश्न पडतो, हा अनुभवच आपल्याला नाहीं. त्यामुळें आपल्या "शी!"ला ह्या वादांत फारसें वजन देतां येत नाहीं.

तिकडे ही वस्तु पिढ्यान्‌पिढ्या टिकते. तिचें इंग्रजी नांवच मुळीं शेतावरून आलेलें. जुन्या फ्रेंच भाषेंत 'हेर्स' म्हणजे कुळवासारखें दातेरी अवजार. त्या आकाराची मेणबत्त्यांची चौकट प्रेतावर मांडीत, म्हणून चौकटीला तें नांव पडलें, आणि चौकटीवरून कालांतरानें गाडीला. आरंभीं ही गाडी घोड्यांची होती. १९०९ च्या सुमारास अमेरिकेंत मोटारीची शववाहिका आली, तेव्हां मेलेल्या माणसाला घाईघाईनें पोंचविणें शोभतें काय, असा प्रश्न त्याही काळीं निघालाच. म्हणजे माझ्या भाच्याला पडलेला प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे.

आतां त्या म्हातारीविषयीं. भाच्याच्या गाडीनें एका लहानशा गांवांत अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या घराण्याची वर्षानुवर्षें चाकरी केली होती. पण ती केवळ शववाहिका नव्हती. त्या काळीं अमेरिकेंतील गांवोगांव रुग्णवाहिकेचें कामही हेच लोक करीत, कारण माणसाला आडवें निजवून नेतां येईल अशी गाडी दुसऱ्या कोणाजवळ नसे. १९६६ सालीं तेथील राष्ट्रीय विज्ञान परिषदेनें काढलेल्या एका अहवालांत देशांतील सुमारें निम्मी रुग्णवाहिकासेवा अंत्यविधीवाल्यांच्या हातीं असल्याचें नमूद आहे. ह्यासाठीं दुहेरी कामाच्या गाड्याच बनत. शवपेटी सरकविण्याचे जमिनींतील रूळ उलटे केले कीं सपाट तळ होई, छतावर तांबडा दिवा चढविला कीं रुग्णवाहिका तयार. रोगी वांचो वा न वांचो, मालकाचें भाडें बुडत नसे, असा विनोद आपल्याला सुचतो. तेथल्या लोकांनाही तो सुचला असलाच पाहिजे. पुढें १९७० नंतरच्या दशकांत रुग्णवाहिकांविषयीं कडक नियम झाले आणि हा दुहेरी प्रकार मागें पडला.

म्हातारी त्याच गांवची. गाडी ओढून नेत असतां तिनें ती ओळखली. तरुणपणीं अडलेल्या बाळंतपणांत तिला ह्याच गाडींतून इस्पितळांत नेलें होतें, आणि कांहीं वर्षांनीं तिच्या बापाला ह्याच गाडींतून दफनभूमीकडे. तिनें दोघां तरुणांना एवढेंच म्हटलें, "हिच्यांत निजून गेलेल्यांपैकीं परत आलेली मी एक आहे. आतां तुम्ही हिला शर्यतींत पळवणार काय?"

ह्या प्रश्नानें मला बरेच दिवस स्वस्थ बसूं दिलें नाहीं.

पहिला आक्षेप सहज सुचतो तो मृतांच्या अवमानाचा. पण नीट पाहिलें तर तो टिकत नाहीं. जे त्या गाडींतून गेले त्यांना तिच्या वेगाचें सुखदुःख उरलें नव्हतें. अंत्ययात्रा मंद चालते ती मागून पायीं चालणाऱ्यांसाठीं. इंग्लंडांत अजूनही कित्येक ठिकाणीं अंत्यविधीवाला गाडीच्या पुढें कांहीं पावलें स्वतः चालत जातो, आणि साऱ्या ताफ्याचा वेग त्या एका माणसाच्या पावलांवर ठरतो. मंदपणा हें जिवंतांनीं स्वतःशीं केलेलें एक आर्जव आहे: अजून थोडा वेळ बरोबर असूं द्या. तो क्षण संपला कीं तीच रिकामी गाडी परततांना कोणत्या वेगानें आली ह्याची चौकशी आजवर कोणीं केलेली नाहीं.

दुसरा आक्षेप वस्तूच्या पावित्र्याचा: जी जशी घडली तशी ती राहूं द्यावी. ग्रीकांची थीसिअसच्या गलबताची कथा येथें आठवते. जुन्या फळ्या एकेक करून बदलल्या तर गलबत तेंच राहिलें काय, हा प्लूटार्कनें नोंदलेला वाद. हॉब्जनें त्यांत भर घातली कीं, काढलेल्या फळ्या जपून त्यांचें दुसरें गलबत बांधलें तर खरें कोणतें? ह्या कोड्यांत मी फार वेळ घालविणार नाहीं, कारण शववाहिका ही जन्मतःच तुकड्यांची बनलेली असते. कॅडिलॅकच्या कारखान्यांतून नुसता लांब सांगाडा बाहेर पडे. १९५९ च्या सांगाड्याच्या दोन आंसांमध्यें १५६ इंचांचें अंतर होतें. त्यावर साज चढवीत ते निराळे कारागीर, त्यांतले कित्येक ह्याच ओहायो राज्यांतले. अमेरिकन शववाहिकांच्या बाजूला इंग्रजी एस्‌च्या वळणाची जी चकचकीत पट्टी दिसते, ती घोडागाडीच्या मिटत्या छपराच्या बिजागरीची नक्कल आहे. मोटारीचें छप्पर मिटत नाहीं, पट्टी कांहींही काम करीत नाहीं. केवळ जुन्या गाडीची आठवण म्हणून ती शतकभर चिकटून राहिली. ज्या वस्तूनें स्वतःच अशी सोंगें वागविलीं, तिच्यावर शुद्धतेचा कडक नियम लादणें मला तरी जरा हास्यास्पद वाटतें.

मग इंजिन बदलण्यांत कांहींच गैर नाहीं काय? येथें मी थांबलों, कारण एक गोष्ट मला पूर्वीं ठाऊक नव्हती. त्या गाडीचें मूळचें इंजिन दुबळें नव्हतें. आठ सिलिंडरांचें, ३९० घन इंचांचें, ३२५ अश्वशक्तीचें तें यंत्र होतें. एवढें बळ पोटांत घेऊन ती माणसाच्या चालीनें चाले. अंत्ययात्रेची जी गंभीरता आपण म्हणतों ती असमर्थाची संथगति नव्हती; पळूं शकणाऱ्यानें न पळण्याचें ठरविलें होतें. ह्या दृष्टीनें पाहिलें तर अधिक बळ घातल्यानें कांहीं बिघडत नाहीं, पाय कोणाचा आणि कोणत्या प्रसंगीं दाबला जातो एवढाच प्रश्न राहतो. असें मीं भाच्याला लिहूनही टाकणार होतों.

परंतु यंत्रांनाही स्वभाव असतो. टर्बोचार्जरची युक्ति स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीनें १९०५ सालीं पेटंट केली. इंजिनांतून जळून बाहेर पडणारा वायु एरवीं वायां जातो; त्याच्या झोतावर एक लहान चक्र फिरवावयाचें, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकावरील चक्रानें बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत कोंबावयाची. टाकलेल्या उच्छ्वासानें पुढचा श्वास भरावा असा हा प्रकार. फ्युएल इंजेक्शनची करामत ह्याला जोडीची: जुन्या कार्बुरेटरमध्यें हवेच्या ओढीबरोबर पेट्रोल खेंचलें जाई, येथें तें मोजून, दाबानें, नेमक्या वेळीं फवारलें जातें. भाच्यानें निवडलेलें इंजिन १९८७ सालच्या एका ब्यूइक गाडीचें, सहा सिलिंडरांचें, ३.८ लिटरांचें. कागदावर तें २४५ अश्वशक्तीचें, आणि तेंही मोजण्याची रीत मधल्या काळांत बदललेली. पण टर्बोचा दाब वाढविला कीं तें थोरल्याला मागें टाकतें, हें जाणकार सांगतात. मात्र त्याचें बळ जागें होतें तें वेग घेतल्यावर. संथ चालतांना झोत अपुरा, म्हणून चक्र निजलेलें. जुनें इंजिन मंदगतींतच तृप्त होतें. नव्याला मंदगति ही उपासमार आहे. तेव्हां बदल केवळ बळाचा नसून कलाचा आहे. संथ चालण्यासाठीं घडलेली वस्तु पळण्यासाठीं आसुसलेली होते, आणि म्हातारीला नेमकें हेंच कळलें होतें असें मला वाटतें.

शववाहिकेचा दुसरा जन्म नेहमींच हिणकस असतो असें मात्र नाहीं. कॅनडाचा गायक नील यंग ह्याची पहिली गाडी १९४८ ची ब्यूइक शववाहिका होती. शवपेटीच्या रुळांवरून वाद्यांचीं जड खोकीं अलगद सरकत, ह्याचेंच त्याला मोठें कौतुक. ती वाटेंत कायमची मोडली, तेव्हां तिच्या आठवणीनें त्यानें पुढें एक गाणें रचलें. १९७१ च्या 'हॅरॉल्ड अँड मॉड' ह्या चित्रपटांत तर उलटाच खेळ आहे: आई मुलाला झगझगीत जग्वार घेऊन देते आणि तो तिची शववाहिका करून टाकतो. ह्या दोहोंत वस्तूशीं कांहीं नातें आहे. मला खरा वीट येतो तो मागच्या कांचेंतून प्लॅस्टिकचा सांगाडा टांगून मिरविणाऱ्यांचा, आणि असे हौशी तेथें पुष्कळ आहेत. टर्बो हा यंत्राचा बदल झाला. सांगाडा ही दुसऱ्याच्या दुःखाची केलेली फजिती. त्या खिडकीकडे पाहून ज्यांनीं कोणे काळीं शेवटचा निरोप घेतला, त्यांतलें कोणी रस्त्यावर उभें असूं शकतें, हें त्या हौशी लोकांच्या गांवींही नसतें.

शेवटीं मीं भाच्याला लिहिलें तें थोडक्यांत असें. इंजिन बदलण्याआधीं त्या बाईकडे जा. परवानगी मागावयास नव्हे, कारण गाडी तुमची आहे, पण काय करणार आहां तें तिला तुमच्याच तोंडून कळूं द्या. जुनें इंजिन भंगारांत घालूं नका. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें २०१२ सालीं जी ट्यूरिनची सनद संमत केली, तिच्यांतही केलेले फेरफार पुन्हां उलटवितां यावेत आणि काढलेले भाग वाहनाबरोबर जपावेत असें सांगितलें आहे. चेसिसला कापाकाप करूं नका. आणि सांगाडा टांगलात तर मला पुन्हां पत्र लिहूं नका.

दिवाळीच्या सुमारास उत्तर आलें. म्हातारीनें त्यांना चहा दिला, गाडीविषयीं एक शब्दही काढला नाहीं, आणि बापाच्या मासेमारीच्याच गोष्टी सांगत बसली. नवें इंजिन बसलें. जुनें, तेल काढून, ताडपत्रींत गुंडाळून, स्नेह्याच्या शेतावरील कोठारांत ठेवावयाचें ठरलें. सुमारें तीनशें किलोंचें तें धूड न्यावयाचें कशांतून? तेव्हां दोघांनीं रुळांवर एक जाड फळी टाकली, तिच्यावर तें चढविलें आणि शवपेटी सरकवावी तसें आंत सरकवलें. शेत बारा मैलांवर होतें. धक्का बसूं नये म्हणून गाडी हळू हांकावी लागली. पाऊण तास लागला, असें तो लिहितो. मागें मोटारींची मोठी रांग लागली होती, पण कोणींही भोंगा वाजविला नाहीं.