थांबण्याची खूण

भिवंडीत यंत्रमागाच्या कारखान्यात शिरलात की बोलणे संपते. त्या खडखडाटात शेजारी उभ्या माणसाचा शब्द कानावर येत नाही, म्हणून कामगार खुणांनी बोलतात. बोट वर झाले, मान हलली, की पलीकडच्याला कळते, कांडी संपली किंवा चहा आला. माग स्वतःही एक खूण ओळखतो. आडव्या धाग्याच्या वाटेवर एक बारीक काटा असतो. धागा तुटला आणि काट्याला लागला नाही, की दांडा सुटतो आणि माग जागीच थांबतो. कुणी हात लावावा लागत नाही.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाविषयी वाचताना मला तो काटा सारखा आठवतो. आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते. त्यासाठी ‘वाढा’ ही खूण पेशींना देणारी जी साखळी आहे, तिचे नाव विंट. या नावात आपल्याकडची एक माशी आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत आर. पी. शर्मा यांना पंख नसलेली फळमाशी सापडली, त्यांनी व्ही. एल. चोप्रा यांच्यासह १९७६ साली तिच्यावर निबंध लिहिला. माशीचे ‘विंगलेस’ आणि उंदराच्या कर्करोगात सापडलेले ‘इंट’ हे एकच जनुक निघाले, आणि दोन्ही नावे जोडून विंट झाले. माशीच्या पंखाचा शोध घेणाऱ्यांना आपण माणसाच्या आतड्यापर्यंत पोहोचू, असे वाटले तरी असेल का?

या साखळीत बीटा-कॅटेनिन नावाचे प्रथिन दोन कामे करते. पेशीच्या कडेला ते शेजारणीचा हात धरून ठेवायला मदत करते. केंद्रकात शिरले की वाढीचा हुकूम सोडते. जास्तीचे बीटा-कॅटेनिन मोडून टाकायला एपीसी हे दुसरे प्रथिन लागते. आपला काटा तो हाच. मोठ्या आतड्याच्या सुमारे ८० टक्के कर्करोगांत एपीसीचे जनुक बिघडलेले सापडते. धागा तुटलेला आहे आणि माग चालूच आहे. सुमारे ४० टक्के रुग्णांत केरास नावाचा खटकाही ‘चालू’वरच अडकतो. मग बाहेरून येणारी खूण अडवणारी सेटुक्सिमॅबसारखी औषधे चालत नाहीत, कारण पेशीला आता बाहेरच्या कुणाच्या खुणेची गरजच उरलेली नसते. म्हणून ही औषधे देण्याआधी गाठीची केरास तपासणी करतात.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती टीजीएफ-बीटा नावाची आणखी एक खूण. सुरुवातीला हीच खूण पेशीला ‘थांब’ म्हणते. पुढे गाठ बिघडत गेली की तीच खूण पेशींना शेजारणींचे हात सोडून सरकायला शिकवते. आतड्याचे रक्त आधी यकृतात जाते, म्हणून सुटलेल्या पेशी बहुधा तिथे पहिला तळ ठोकतात. आणि ही सरकण्याची विद्या रोगाने कुठून बाहेरून आणलेली नाही. आईच्या पोटात आपले अवयव घडले, गुडघा खरचटला आणि त्यावर नवी कातडी आली, ते याच खुणांवर.

हे सारे एका रात्रीत घडत नाही. आतड्यातल्या लहानशा मोडाचा (पॉलिपचा) कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षे लागतात, आणि तेवढ्या काळात दुर्बिणीने तो मोड काढून टाकता येतो. पण मीटरवर मजुरी घेणाऱ्या माणसाची एक पाळी बुडाली की तेवढी मजुरी बुडते. शौचातून रक्त गेले तर ‘मूळव्याध असेल’ म्हणून कुठलीतरी पुडी घेतली जाते आणि तो पुन्हा मागावर उभा राहतो.

तुमच्या घरात, तुमच्या कारखान्यात असे कुणी असेल, शौचाची सवय बदललेली असेल, कारण नसताना रक्त कमी झालेले असेल, तर पुडीवर थांबू नका. त्याची एक पाळी बुडू द्या आणि त्याला डॉक्टरकडे घेऊन जा.