पायी जाणाऱ्याचा भाव

‘तिकडं किलोमागं पाच रुपये कमी हायेत,’ हे वाक्य बहुधा गाडीची किल्ली खिशात असलेला माणूस बोलतो. धाराशिवच्या जुन्या गावात एकट्या राहणाऱ्या सत्तरीतल्या आजींना त्या पाच रुपयांचा काही उपयोग नाही. दोन किलो तूरडाळीत दहा रुपये वाचले आणि रिक्षाला जाता-येता चाळीस गेले, तर त्यात कसली बचत? मुलं पुण्याला, गुडघे दुखतात, जड पिशवी उचलवत नाही. पायी जाऊन, ओझं घेऊन, ऊन चढायच्या आत घरी परतता आलं, तरच त्यांच्या लेखी ते स्वस्त.

रेशन आहे की, असं कुणी म्हणेल. आहेच. 2013च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य मिळतं. जानेवारी 2023पासून ते मोफत झालं. हा आधार मोठा आहे. पण गहू-तांदळावर आपल्याकडचं ताट भरत नाही. भाकरीला ज्वारी लागते, वरणाला डाळ, फोडणीला तेल, शिवाय मिरची, साखर, चहापत्ती. बरंचसं विकतच घ्यावं लागतं, आणि हातावर पोट असलेल्या घराला ते महिन्याचं एकदम भरता येत नाही. आजची मजुरी हातात पडली की आजचं सामान येतं.

संध्याकाळी गल्लीतल्या किराणा दुकानापुढे थोडा वेळ उभं राहून पाहावं. वीस रुपयांची साखर, दहाचे शेंगदाणे, पावशेर डाळ, चहाची छोटी पुडी. दुकानदार पोत्यात माप खुपसतो, काट्यावर थोडं जास्त झालेलं चिमटीने काढतो, कागदाची पुडी वळून दोरा गुंडाळतो. किलोच्या हिशेबाने हे सामान महागच पडतं. अमेरिकेत डेव्हिड कॅप्लोविट्झ यांनी न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांमधल्या खरेदीवर 1963 साली पुस्तक लिहिलं, त्याचं नावच गरिबाला जास्त मोजावं लागतं अशा अर्थाचं होतं. गरिबाच्या बाबतीत न्यूयॉर्क काय आणि धाराशिव काय!

किराणा दुकानदाराला संत ठरवायचं कारण नाही. काही जण मापात मारतात, काही जुना माल पुढे सारतात. उधारीची वही अडल्या-नडल्याला तारते, तशीच बांधूनही ठेवते. वहीत नाव असलं की समोरच्या दुकानात भाव विचारायचीही सोय राहत नाही. तरी दहा रुपयांचं गिऱ्हाईक परत न पाठवणारं दुकान तेच आहे. त्या दहा रुपयांवर त्याचं भाडं निघत नाही. ते निघतं महिन्याची लांबलचक यादी देणाऱ्या पगारदार घरांवर. ती घरं मोठ्या दुकानाकडे वळली की आधी मालाची विविधता घटते, मग ताजेपणा जातो आणि एक दिवस शटर खाली येतं. नोकरदाराचं त्यात काही बिघडत नाही. पावशेर डाळीवालीला मात्र आणखी दोन चौक चालावं लागतं. आपली बचत कुणाच्या पायांवर पडते, हा प्रश्न मला किलोमागच्या पाच रुपयांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

आठवडी बाजाराचा हिशेब वेगळा. तिथे भाजीचा वाटा मिळतो, मोजून चार वांगी घेता येतात. ज्वारी सुटी घेतली तर तिच्यावर जीएसटी नाही. तीच वेष्टनात बांधून लेबल लावून विकली की 18 जुलै 2022पासून 5 टक्के कर लागतो. दिवस कलला की भाव उतरतो, कारण खेड्यातून आलेल्या बाईला शेवटची एसटी गाठायची असते आणि उरलेली मेथी परत नेण्यात अर्थ नसतो. मार्च 2023पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्याचा थोडा हातभार या टोपल्यांनाही लागला असणार. बाजार उतरायच्या वेळेला पोचायचं तर घर जवळ हवं, म्हणून हा स्वस्त भाव बहुतेक पायी येणाऱ्यांच्याच वाट्याला येतो.

नेमका हाच बाजार आपल्याला डोळ्यात खुपतो. गाडी अडकली की आपण म्हणतो, ‘या लोकांना गावाबाहेर हलवा.’ (मीही हॉर्न वाजवणाऱ्यांतलाच आहे.) गाडीवाल्याचा खोळंबा दोन मिनिटांचा, पण बाजार हलला तर पायी येणाऱ्याच्या प्रत्येक पिशवीला रिक्षाचं भाडं कायमचं चिकटतं. 2014च्या पथविक्रेता कायद्याने याचा विचार केलेला आहे. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं, नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के जागा विक्रेत्यांना द्यायच्या आणि पन्नास वर्षांहून जुन्या नैसर्गिक बाजाराला वारसा बाजार ठरवून तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही, असं त्यात लिहिलं आहे. धाराशिवसारख्या लाखाच्या वर वस्तीच्या गावात अडीच टक्के म्हणजे अडीच हजारांहून जास्त माणसं. एवढ्यांना बसायला जागा आखून देणं ही नगर परिषदेची जबाबदारी आहे, मेहेरबानी नव्हे.

तेव्हा एवढं करा. सगळं नको, पण महिन्याच्या यादीतलं निम्मं सामान गल्लीतल्या दुकानातून भरा. मापात मारत असेल तर तोंडावर सांगा आणि शेजारच्या दुकानात जा. आणि बाजार हलवण्याची मागणी करणारा अर्ज सहीसाठी तुमच्या पुढ्यात आला, तर आधी गल्लीतल्या गाडी नसलेल्या घरी जाऊन विचारा.