मर्यादवेलीच्या अलीकडे

जुन्या गाडीच्या कागदपत्रांसाठी आरटीओत जावं लागलं, की एक जुनी पद्धत अजून पाहायला मिळते. चेसिसवर ठोकलेल्या नंबरावर कागद धरायचा आणि वरून पेन्सिल घासायची. आकडे उमटतात. तो कागद फॉर्मला जोडायचा. रीतसर नोंद केली तर इंजिन बदललेलं चालतं, रंग बदललेला चालतो, मालक तर बदलत असतातच. पण ती पेन्सिलची छाप जुळायलाच हवी. सरकारच्या लेखी गाडी म्हणजे तो नंबर, आणि तो ज्या लोखंडावर आहे ते लोखंड.

रायगडच्या किनाऱ्यावर नेमकं तेच लोखंड आधी जातं.

मी आणि माझ्या मित्राने मिळून घेतलेली बोलेरो कॅम्पर पंधरा वर्षं उलटून गेलेली, एमएच ०६ पासिंगची, फोर-व्हील ड्राइव्ह. आधीच्या मालकाने तिच्यातून मासळी आणि बर्फ वाहिला होता. बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं हौद्यातून खाली झिरपलेलं. वरून गाडी बरी दिसत होती. मेस्त्री खाली शिरले आणि छोट्या हातोडीने चेसिस ठोकत गेले. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, गंजलेल्याचा भद्द. मागच्या टोकाला आवाज भद्द आला आणि हातोडी आत गेली.

हवेतलं मीठ ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे पाऊस नसतानाही लोखंडावर पाण्याचा अदृश्य थर राहतो. चेसिसच्या पोकळीत वाळू साचून पाणी जायची भोकं बुजली, की आतून काम सुरू होतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. तो फुगतो, पापुद्रे सुटतात, आणि खालचं कोरं लोखंड पुन्हा मिठाच्या तोंडी लागतं. म्हणून आपल्याकडे पुट्टी मारून रंगवलेल्या चकचकीत जुन्या गाडीवर कुणी जाणता माणूस विश्वास ठेवत नाही. तो आधी खाली वाकतो.

आम्ही कुजलेला भाग कापला, नवा पत्रा वेल्ड केला, रेड ऑक्साइड मारलं. पाट्यांचे बुश बदलले. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून ट्रान्सफर केसचे काही सुटे भाग आणले. चार-सहा महिन्यांनी मित्र म्हणाला, "हिच्यात आता मूळ गाडी किती उरली?"

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे, आणि तोही गाडीवरूनच विचारलेला. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे नेमकं काय. चाकं? आस? जू? लगाम? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग सगळ्या भागांचा ढीग म्हणजे रथ का? तेही नाही. भाग विशिष्ट रीतीने जुळून आले की त्या जुळणीला आपण व्यवहारात रथ म्हणतो, इथवर बोलणं येतं. (हा मिलिंद म्हणजे ग्रीक वंशाचा राजा मिनँडर. डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादच्या आपल्या महाविद्यालयाला त्याचंच नाव दिलं.) नागसेनाला रथाशी कर्तव्य नव्हतं, त्याला 'मी' नावाच्या गोष्टीबद्दल बोलायचं होतं. पण मला तो रथापाशीच थांबवतो. गाडी ही जुळणी असेल, तर ती कशासाठी केलेली जुळणी, हे विचारावंच लागतं. दुरुस्ती आणि मॉडिफिकेशन यांत मला दिसणारा फरक इथेच आहे. दुरुस्तीत 'कशासाठी' आधीच ठरलेलं असतं. आपण फक्त ते पुन्हा शक्य करतो. मॉडिफिकेशनमध्ये ते आपण नव्याने ठरवतो.

आणि त्यावरूनच आमचं वाजलं.

मित्राच्या डोक्यात यादी तयार होती. लिफ्ट किट, मोठे टायर, स्नॉर्केल, वर दिव्यांची पट्टी. यातलं काहीच वेडगळ नाही. पण एक बदल एकटा येत नाही. गाडी चार इंच उचलली की प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि त्याचे क्रॉस लवकर झिजतात. गुरुत्वमध्य वर जातो, वळणावर गाडी कलते. टायर मोठे केले की गिअरिंग जड होतं, स्पीडोमीटर खरा वेग दाखवत नाही, ब्रेक कमी पडायला लागतात. मग ब्रेकचं काम काढा. शिवाय कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ असाच लावला. मित्राचं म्हणणं, सगळेच करतात. ते खरंही आहे.

माझी अडचण कायद्याची नव्हती. अशी गाडी एकदा तयार झाली की ती जागा मागते. स्नॉर्केल बसवलं की पाणी हवं. मोठे टायर लावले की वाळू हवी. अंगात आलेली ताकद रिकामी बसत नाही, आणि मग 'जमतं का' या प्रश्नाचं उत्तर मिळालं की 'जावं का' हा प्रश्न कुणी विचारतच नाही. आमच्याकडे ती जागा ठरलेली होती: पुळण.

वाळूवर गाडी कशी चालवायची हे मित्राने व्हिडिओ बघून पाठ केलं होतं. टायरमधली हवा तीस-पस्तीसवरून पंधरा-अठरा पीएसआयवर आणायची. टायर खाली पसरतो, जमिनीला टेकणारा भाग लांब होतो, वजन विभागलं जातं, चाक रुतत नाही. भौतिकशास्त्र चोख आहे. शनिवार-रविवारी नागाव-काशीदला वाळूत रुतलेल्या गाड्या दिसतात, त्यांच्या चालकांनी एवढंही केलेलं नसतं. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोटीने गाडी आणता येते. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाला. मुंबई जवळ आली आणि गाड्या पाण्याच्या जवळ गेल्या. भरती चढायला लागली की ट्रॅक्टरवाल्याला फोन जातो. त्याचा दर पाण्याच्या उंचीप्रमाणे वाढतो म्हणतात, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

पण रुतणं हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न. न रुतता गेलं तर काय होतं, हा खरा प्रश्न.

भरतीच्या रेषेच्या वर, सुरूच्या झाडांच्या अलीकडे, वाळूवर एक वेल पसरलेली असते. आपट्यासारखं दुभंगलेलं पान, जांभळट गुलाबी फुलं. पेराला पेराला मुळं फुटतात आणि ती मुळं वाळू धरून ठेवतात. धरलेल्या वाळूचा उंचवटा होतो, आणि त्या उंचवट्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि गोड्या पाण्याच्या विहिरी असतात. या वेलीला मराठीत मर्यादवेल म्हणतात. कुणी नाव ठेवलं माहीत नाही, पण समुद्राने कुठवर यायचं हे ठरवणारी वेल, असं बघून ठेवलेलं नाव आहे. पाणवठ्यावर जायला गाड्या हीच रेषा ओलांडतात. फिरणारं एक चाक वेलीचा धागा तोडायला पुरतं.

नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या याच पट्ट्यात अंडी घालायला येतात. आपल्या जिल्ह्यात हरिहरेश्वर, मारळ, दिवेआगरला येतात. शेजारच्या रत्नागिरीतल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये काम सुरू केलं आणि पुढे ते किनाऱ्याने पसरलं. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात आणि उजेड जिथे जास्त तिकडे, म्हणजे एरवी समुद्राकडे, चालू लागतात. तळहातावर मावणारी पिल्लं. टायरची चाकोरी त्यांच्यासाठी खंदक असते. त्यात पडलेलं पिल्लू चाकोरीतूनच चालत राहतं, आणि पहाटे कावळे असतात. वर दिव्यांची पट्टी लावलेली गाडी असेल तर दिशाही चुकते.

मित्राने मला इथे अडवलं, आणि बरोबर अडवलं. "कोळ्यांचे पिकअप येतात की वाळूत. ट्रॅक्टर होड्या ओढतात. त्यांच्या चाकोऱ्या पडत नाहीत?"

पडतात. गरज असली की चाकाचं वजन कमी होत नाही. गरिबी म्हणजे आपोआप पुण्य, असं मी मानत नाही. कष्टकऱ्याने केलं म्हणून मोडलेली वेल जोडली जात नाही. पण एक फरक आहे. होडी जिथे लागते तिथेच पिकअप येतो, त्याच रस्त्याने, भरती-ओहोटी बघून. त्याला उधाण कधी आणि भांग कधी हे ठाऊक असतं. अलिबागला कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी घोडागाड्या जातात, त्याही ठरलेल्या वाटेने जातात आणि पाणी फिरायच्या आत परततात. ही वाट आहे, फक्त डांबराची नाही. आणि तिथे काही बिघडलं तर त्याची झळ पहिल्यांदा त्यांनाच लागते. आम्ही जिथे जायला निघालो होतो त्या जागेचं आकर्षणच हे होतं, की तिथे कुणी जात नाही.

ऑफ-रोडला मराठीत नेमका शब्द नाही. जवळचा शब्द आडवाट. पण आडवाट हीसुद्धा वाट असते; कुणाच्या तरी पायांनी पडलेली. जिथे वाटच नाही तिथे गाडी घालायला आपण वाट पाडणं म्हणतो. वाट लावणं हा शब्द त्याच्या शेजारीच राहतो.

मग डोंगराकडे जाऊ, असं ठरलं. तिथे कातकरी आणि ठाकूर वाड्यांवर जाणारे कच्चे रस्ते आहेत. पावसात चिखल होतो, व्हिडिओ चांगला येतो. मला तेही पटलं नाही. आमचा एक रविवारचा चिखल म्हणजे त्या वाडीचा एकमेव रस्ता. चाकं फिरवून तो खणला की सोमवारी त्यातून मुलं शाळेत जाणार. कोरड्या दिवसांत, फोर-लोमध्ये, हळू जायला माझी हरकत नाही. फोर-लोचं कसबच मुळी चाक फिरू न देण्यात आहे. चिखल उडाला म्हणजे चालवणारा कमी पडला. पण सांगायला हवं, की असं चालवण्यात बघणाऱ्याला काही दिसत नाही. गाडी नुसती चढते.

मित्राची बाजू मी लहान करून सांगत नाहीये. आठवडाभर कंपनीत बसून काम करणाऱ्या माणसाला स्वतःच्या हातांनी उभं केलेलं यंत्र कुठवर जातं ते बघायचं असतं, आणि त्यात छचोर काही नाही. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या, ती जीपही युद्धासाठी रस्ते नसलेल्या जागी जायलाच बनली होती. फक्त तिला कुठे जायचं ते दुसऱ्या कुणाची तरी गरज ठरवत होती. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं. दुसऱ्या दिवशी रस्ता नावाची गोष्टच उरली नव्हती. आडवी झाडं, खांब, तारा. आमच्या आळीतल्या एका जुन्या पिकअपने साखळी लावून एक-एक खोड बाजूला ओढलं. टू-व्हील ड्राइव्ह, गुळगुळीत टायर, लिफ्ट-बिफ्ट काही नाही. चालवणाऱ्याला साखळी कुठे बांधायची आणि क्लच कधी सोडायचा ते कळत होतं.

तेव्हा आमच्या गाडीत आता एक चेन-पुली, जाड दोर, फावडं आणि दोन फळ्या कायम असतात. डिफरेन्शियलच्या ब्रीदरला नळी लावून ती वर नेली आहे. तापलेलं डिफरेन्शियल थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते, मग ऑइल चहासारखं होतं. पावसात मोरीवरून पाणी जातं तेव्हा त्याचा उपयोग होतो. लिफ्ट केली नाही. स्नॉर्केलचे पैसे चेसिसमध्ये गेले.

मित्र हे मानतो असं नाही. त्याचं ताजं म्हणणं असं, की मे महिन्यात कासवं नसतात, मर्यादवेल वर असते, आणि होड्यांच्या वाटेने खाली उतरून फक्त ओल्या वाळूवरून गेलं तर कुणाचं काय जातं? ओल्या वाळूत आहेच काय? परवा ओहोटीला आम्ही रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी पायीच गेलो. खेकड्यांनी उकरलेल्या वाळूच्या बारीक गोळ्या सगळीकडे पसरलेल्या. दोन बायका ओणव्या होऊन तिसऱ्या काढत होत्या. मित्राने विचारलं, "मावशी, किती खोल असतात?" एकीने न बोलता बोट वाळूत खुपसलं आणि कुठवर गेलं ते वर करून दाखवलं. दोन पेरं.

परत येताना तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण ट्रॅक्टर चालतो की तिथे."